बिनआवाजाचं बोलणं

पांढुर्ण्याच्या स्टेशनाच्या पलीकडे कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या, म्हणजे जिनांच्या, पत्र्याच्या लांबच लांब शेड होत्या. कापसाचा हंगाम लागला की त्या शेडमध्ये दोन माणसांनी एकमेकांशी बोलायची सोयच उरत नसे. सरकी वेगळी करणारे रेचे एका ओळीत सुरू झाले की असा खडखडाट उठे, की शेजारी उभ्या बाईनं बोंब मारली तरी ऐकू येऊ नये. म्हणून रेच्यावरच्या बाया बोंब मारण्याच्या फंदात पडत नसत. त्या ओठांनी बोलत. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, जोडीला थोडी मान, थोडे हात. घरचं, दारचं, सासवांचं, कोणाकडे काय शिजलं याचं, सगळं बोलणं असं चाले. मुकादमाला वाटे, बाया किती मुकाट्यानं काम करताहेत. बाया त्याच्या तोंडावर त्याचीच टिंगल करत असत आणि तो बिचारा मिशीला पीळ देत पुढे जाई.

मनकर्णा त्याच बायांतली, रामाकोन्याकडची. भिवाजी त्या जिनातला मिस्त्री, सौंसरचा. लग्न ठरवलं वडीलधाऱ्यांनीच, पण खरं बोलणं आधीच झालं होतं, रेच्याच्या या बाजूनं त्या बाजूला. भरल्या शेडमध्ये कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही.

लग्नानंतर दोघं जाम नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत राहायला आली. दोन खोल्या, मधल्या दाराला फळी नाही, आणि बाहेरच्या खोलीत भिवाजीची आई केसरबाई. म्हातारीचा कान असा तिखट, की पलीकडच्या घरी फोडणीत लसूण कमी पडला तरी तिला कळत असावं. मग नवराबायकोनं काय करायचं? त्यांनी जिनातलंच बोलणं घरी आणलं. चिमणीच्या उजेडात समोरासमोर बसून दोघं तासन्‌तास गप्पा मारत, हसत, भांडतसुद्धा, आणि केसरबाई बाहेरून म्हणे, "काय मुकी जोडी पडली माह्या पदरी!"

हे सगळं आधी सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे झालं ते या सवयीवरच झालं. दुसऱ्या कोणत्याही घरात नवरा बहिरा झाला असता तर बायकोला आठवड्याभरात उमगलं असतं.

सुरुवात झाली ती स्वातंत्र्याच्या दिवशी. ऑगस्टात जिन बंद असतात, पण शेठना हौस आली. झेंडा वर चढताना भोंगा वाजला पाहिजे, असा त्यांचा हुकूम. भिवाजीनं मुद्दाम बॉयलर पेटवला, वाफ धरली आणि झेंडा चढला तशी साखळी ओढली. लोक टाळ्या वाजवू लागले, शेठ हातानं 'अजून, अजून' म्हणू लागले, आणि भिवाजी भोंग्याच्या खाली उभा राहून ओढतच राहिला. भोंगा ऐकून नदीपलीकडे सावरगावच्या लोकांनीही म्हणे पेढे वाटले. दुपारी जेवायला बसला तेव्हा भिवाजीनं कानात करंगळी घालून हलवली.

"काय झालं?" मनकर्णानं ओठांनी विचारलं.

"सूं करून राहिलं," तो म्हणाला. "जाईल संध्याकाळपर्यंत."

ते गेलं नाही. संध्याकाळी नाही, पोळ्याला नाही, दिवाळीलाही नाही. त्यानं सांगणं सोडून दिलं आणि तिनं विचारणं. जिनातल्या कुठल्या मिस्त्रीच्या कानात सूं होत नव्हतं?

पुढे काही वर्षांनी केसरबाई गेली. आता घरात मोठ्यानं बोललं तरी चाललं असतं. पण जडलेली सवय. दोघं ओठांनीच बोलत राहिली. गल्लीतल्या लोकांशी, वाण्याशी, शेजारच्या प्रेमलताबाईशी मनकर्णा चांगली खणखणीत बोले. घरात शिरली की आवाज उंबऱ्याबाहेर राही.

एका सकाळी भिवाजी अंगणात बसून कानस घासत होता. त्याच्या पाठीमागच्या ओट्यावरून पाण्यानं भरलेला पितळी गुंड घसरला आणि फरशीवर असा आदळला, की प्रेमलताबाई भिंतीपलीकडून "कोण पडलं वं?" म्हणून ओरडली. भिवाजीनं मान वळवली नाही. पाणी वाहत त्याच्या पायाशी आलं तेव्हा त्यानं पाय उचलून बाजूला घेतला आणि पुन्हा घासायला लागला.

मनकर्णा चौकटीत उभी होती.  ती त्याच्या मागे गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "अवो." मग आणखी मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर गल्लीतली कुत्री उठून बसली. तो घासतच होता. मग तो पाठमोराच म्हणाला, "हाव, कालचंच वरण दे. चालते मले."

ती त्याच्या पुढ्यात येऊन बसली. "वरणाचं कोण बोल्लं?"

"तू. आत्ता म्हटलं ना, कालचं वरण उरलं हाये म्हणून."

ती काहीच म्हणाली नव्हती. वरण मात्र खरंच उरलं होतं.

त्या दिवशी तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. चिमण्या पहिल्यांदा गेल्या, मग देवळातली घंटा, मग गाडीची शिटी. आता रेचेही गेले. पायाला हादरा बसतो त्यावरून कोणता रेचा बिघडला ते तो ओळखतो. बाहेरचं जसजसं गेलं तसतसं आतलं सूं वाढत गेलं, आणि वाढता वाढता कधीतरी त्यातून बोलणं ऐकू यायला लागलं.

"बाकी सारं बंद झालं," तो म्हणाला, "पण तुहा आवाज येते. साफ येते. मंग मी कायले घाबरू?"

खरं सांगायचं तर मनकर्णाला त्या घटकेला बरं वाटलं. भीती वाटली, पण भीतीच्या खाली एक सुख होतं, आणि ते तिनं मनातल्या मनात कुरवाळलं. सारं जग मिटलं आणि आपण तेवढ्या उरलो, हे कोणत्या बाईला आवडणार नाही? तिनं कोणाला काही सांगितलं नाही. जिनातही कोणाला कळायचं कारण नव्हतं, तिथे सगळेच बहिरे असल्यासारखे वागत. ती त्याच्या जवळपास राही, काही महत्त्वाचं असलं की ओठांनी सांगे, आणि संसार चालत राही.

फक्त तो आवाज तिचा नव्हता. ती विहिरीवर असताना दूध उतू जायला लागलं, आणि भिवाजीनं उठून पातेलं उतरवलं. "तूच हाक मारली," तो म्हणाला. ती दळणाला गेली असताना पाऊस आला आणि त्यानं वाळवण आत घेतलं. "तूच सांगतलं." पहिल्या काही वेळा तिला हसू आलं. मग हसू येईना. आपण नसताना घर इतकं नीट चालतं, हे बाईला ऐकायला बरं वाटत नाही.

शेवटी तिनं हट्ट धरला आणि दोघं नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तरणे होते, बोलके होते. त्यांनी चिमट्यासारखी लोखंडी पट्टी वाजवून भिवाजीच्या कानापाशी धरली, मग कपाळावर टेकवली, मग मान हलवली. मनकर्णा भिवाजीच्या समोर बसून डॉक्टरचं बोलणं ओठांनी त्याला पोचवत होती.

"कान गेलेत," डॉक्टर म्हणाले. "वर्षानुवर्षं त्या गोंगाटात राहिलं की जातात. आणि कानात जो आवाज होतो ना, तो बाहेरून येत नाही. कान काही पाठवेनासा झाला की मेंदूला करमत नाही. तो रिकामी जागा स्वतःच भरतो. ऐकू येणं जितकं कमी, तितका तो आवाज जास्त. कोणाला शिटी ऐकू येते, कोणाला भुंगा. यांना काय येतं? नुसता सूं, की आणखी काही? बोलणं वगैरे?"

मनकर्णानं प्रश्न पोचवला आणि ती उत्तराची वाट पाहू लागली.

"नाई जी," भिवाजी म्हणाला. "नुसतं सूं."

डॉक्टरांनी कसलीशी गोळी दिली, गोंगाटापासून लांब राहा म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

गाडीत बसल्यावर मनकर्णानं त्याचा गुडघा हलवला. "खोटं कायले बोल्ले?"

भिवाजीनं नवल वाटून तिच्याकडे पाहिलं. "तूच त म्हटलं, सांगू नका म्हणून."

"कवा?"

"डॉक्टर विचारून राहिले होते तवाच."

नरखेड येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती, की यानं सगळं सांगून टाकावं. ओठ न हलवता तिनं जीव मुठीत धरून वाट पाहिली होती.

त्यानंतर तिनं पाळत ठेवली. दुसरं काय नाव द्यायचं त्याला? स्वतःच्या घरात, स्वतःच्याच आवाजावर ती पाळत ठेवू लागली. आपण भांडी घासत असताना तो मान हलवतो. आपण बाहेर असताना तो हसतो. एक दिवस तो खाटेवर पडला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तिनं पाहिलं होतं, नंतर कधी नाही.

ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काय हसून राहिले?"

"पुन्हा म्हण ना."

"काय म्हणू?"

"माहं नाव."

 मनकर्णाच्या माहेरी, सासरी, सात पिढ्यांत कोणत्या बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. लग्नातला उखाणासुद्धा तिनं असा पुटपुटला होता, की बायांनी तिला चिमटे काढले होते.

"मी घेत नाई नाव," ती म्हणाली.

"आधी नव्हती घेत. आता घेतेस. भिवा म्हणतेस." तो लाजला, चाळिशी ओलांडलेला माणूस. "गोड वाटते."

घरात सवत आणली असती तर तिनं गाव डोक्यावर घेतलं असतं. भावाला बोलावलं असतं, पंच बसवले असते. या सवतीच्या झिंज्या धरायला हात कुठे घालायचा? आणि आवाज तर आपलाच म्हणे. ती प्रेमलताबाईकडे रडायला गेली, पण काय सांगावं तेच सुचेना, तेव्हा डोकं दुखतं म्हणून परत आली.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते पुढे. भिवाजी डोळे मिटायला लागला. ती समोर बसून बोलायला लागली की पहिली थोडी वाक्यं तो तिच्या ओठांकडे पाही, आणि मग शांतपणे पापण्या खाली घेई, चेहरा थोडा बाजूला करी. त्याला आतलं जास्त नीट ऐकू येत असावं. ती ओठ हलवत राही. मग तिनं मोठ्यानं बोलून पाहिलं, त्याचा खांदा गदागदा हलवून पाहिलं. तो डोळे उघडी, "हो, हो, ऐकून राहिलो ना" म्हणे, आणि पुन्हा मिटून घेई.

त्याच सुमाराला वाणी तिला "काय? काय म्हटलं?" असं दोनदोनदा विचारू लागला. तिला वाटलं, दुकानात गलका आहे. प्रेमलताबाई म्हणाली, "आवाज बसला वाटते तुमचा." मनकर्णानं रुईच्या धुराळ्याला दोष दिला आणि ज्येष्ठमध तोंडात धरला. एका गुरुवारी देवळात बाया भजन म्हणत होत्या. तीही म्हणत होती, चांगली तल्लीन होऊन, तिचा सूर तिला स्वतःला ऐकू येत होता. भजन संपल्यावर प्रेमलताबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"अवं, नुसते ओठच हालवून राहिल्या तुमी. जरा म्हणा त खरं."

मनकर्णा हसली आणि प्रसाद घेऊन घरी आली. वाटेत तिनं गळ्यावर हात ठेवून पाहिला. बोलताना गळा थरथरतो, तेवढा थरथरत होता.

छप्पन्न साली कुठेतरी दूर बसून कोणी राज्यांच्या नकाशावर रेघ ओढली. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. भाषा तीच, कापूस तोच, लेकीबाळी तिकडे दिलेल्या, आणि कचेरीचा रस्ता आता भोपाळचा. चहाच्या दुकानात माणसं तावातावानं बोलत. आम्हाला कोणी विचारलं का, असं प्रत्येक जण म्हणे, आणि आमच्या तर्फे हो कोणी म्हटलं, असंही म्हणे. मनकर्णाला राजकारणातलं काही कळत नव्हतं, पण हे दुसरं वाक्य तिला चांगलं कळलं.

शेठनी रेघेपलीकडे काटोलकडे नवा जिन घातला. इथला हळूहळू मोडायचा त्यांचा विचार. जुन्या माणसांना त्यांनी विचारलं, कोण कोण येता? भिवाजी घरी आला आणि पेटीतली हत्यारं पुसायला बसला.

"कुठं निघाले?" मनकर्णानं विचारलं.

"काटोलले. शेठले सांगून आलो, येतो म्हणून."

"मले नाई विचारलं."

"विचारलं ना सकाळी. तू हाव म्हणालीस."

तिनं त्याच्या हातातला पाना काढून खाली ठेवला. त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. ओठ एकेका शब्दाला नीट हलवत ती म्हणाली, "मी नाई म्हणून राहिली. इथं माहं घर हाये. इथून माहं माहेर जवळ हाये. माह्याकडं पाहा. हे मी बोलून राहिली, मी. नाई."

भिवाजी तिच्या ओठांकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"ती असं तोंड करून नाई बोलत," तो म्हणाला.

अंगणात कोणीतरी टोपली टेकवली. दुपारची गाडी स्टेशनात शिरत होती.

"ती कोण?" मनकर्णानं विचारलं.

 त्याची नजर खाली गेली. नजर खाली गेली, म्हणजे त्याला ठाऊक होतं. आजवर ती स्वतःची समजूत घालत आली होती, की बिचाऱ्याला भ्रम होतो, तो आपल्यालाच ऐकतो आहे, आपल्यावरच्या मायेनंच तो आवाज आला आहे. आणि त्याला ठाऊक होतं. समोर बसलेली बायको कोणती आणि कानातली कोणती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं निवड केली होती. मनकर्णाचा असा विश्वासघात आयुष्यात कोणी केला नव्हता. आणि ज्यानं केला त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, याचा तिला जास्तच संताप आला.

ती उठली, चुलीकडे गेली. त्याच्याकडे पाठ करून, विस्तवाकडे पाहत, आवाज न काढता तिनं ओठ हलवले. "कान गेले तसे डोळेई जावो तुमचे."

तो मागून हळूच म्हणाला, "असं नको म्हणू, मनकर्णा. तिले वाईट वाटते."

दुसऱ्या दिवशी ती भावाला आणायला रामाकोन्याला निघाली. पुंडलिकराव चार शब्द दरडावून सांगेल, शेठला जाऊन भेटेल, काहीतरी करेल. भिवाजीनं तिला मोटारीपर्यंत पोचवलं. तिची पिशवीसुद्धा त्यानं वर चढवून दिली.

पुंडलिकरावाच्या बागेत संत्र्याची तोड सुरू होती. झाडाखाली ढीग पडले होते, माणसं पेंढा घालून डालींत संत्री भरत होती. बहिणीला पाहून तो पुढे आला आणि तिनं सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली.

"काय?" तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं.

"बाई, जरा जोरानं बोल. काई समजून नाई राहिलं."

ती ओरडली. आपण ओरडलो याबद्दल तिला शंका नव्हती. घसा सोलवटून निघाला होता. शेजारी डाल शिवणाऱ्या माणसानं वर पाहिलं नाही. पुंडलिकरावानं कान तिच्या तोंडाशी आणला, थोडा वेळ धरला, आणि काळजीनं तिच्या कपाळाला हात लावला.

हातवारे करून, भिवाजीचं सोंग काढून, काटोलची दिशा दाखवून तिनं कसंबसं पोचवलं. तोड आटोपली की येतो, असं तो म्हणाला. त्यानं तिला राहायचा आग्रह केला, काढा करून दिला. तिला राहवेना. रात्र कशीबशी काढून ती सकाळीच निघाली.

सौंसरच्या अड्ड्यावर कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" तिनं सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. मग तिनं पांढुर्ण्याच्या मोटारीकडे बोट दाखवलं. "बोलता येत नाई का बाईले?" तो दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला, आणि त्या माणसानं तिच्याकडे दयेनं पाहिलं.

ती गल्लीत शिरली तेव्हा टळटळीत दुपार होती.

दाराला कुलूप होतं.

तिच्याकडे दुसरी किल्ली होती. तिनं दार उघडलं. घर झाडलेलं होतं. हत्यारांची पेटी नव्हती, खाटेवरची गादी नव्हती. तिची उशीही नव्हती. तिनं ट्रंक उघडली. वरचं हिरवं लुगडं, जे ती सणालाच नेसे, ते नव्हतं.

चुलीजवळ जेवणाच्या दोन पितळ्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या.

ती बाहेर आली. शेजारच्या अंगणात प्रेमलताबाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. तिनं मान वर केली आणि सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"अवं बाप्पा! तुमी इथं कशा?"

मनकर्णा मधल्या भिंतीशी आली.

"सकाळच्या गाडीनं गेले ना दोघं? काई राहिलं का घरी?" प्रेमलताबाईनं मनकर्णाच्या मागे पाहिलं, भिवाजी दिसतो का ते. "मी मोरीत भांडे घासत होती. दिसल्या नाई तुमी, पण गल्लीतून बोलत चालल्या, ते ऐकलं ना. मी आतूनच विचारलं, कवा येता? त तुमी म्हटलं, 'आता कायची येतो, प्रेमलताबाई! घराकडं लक्ष असू द्या.'"

मनकर्णानं वळून आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"पण एक बरं झालं हो," प्रेमलताबाई म्हणाली. "आवाज मोकळा झाला तुमचा. अशा खणखणीत बोलल्या, अशा हासल्या. म्हटलं, चला, सुटल्या एकदाच्या त्या घशातून."

मनकर्णानं तोंड उघडलं. ती बोलू लागली. ती पुष्कळ बोलली.

प्रेमलताबाईनं सूप खाली ठेवलं. ती मनकर्णाच्या तोंडाकडे पाहू लागली, आधी लक्ष देऊन, मग अवघडून.

"मले नाई कळत व ते ओठाचं," ती म्हणाली. "मी काई जिनातली नाई."

सुपातून सांडलेल्या ज्वारीवर चिमण्या उतरल्या होत्या. मनकर्णाच्या पावलांना लागून त्या दाणे टिपत होत्या. तिनं डोळे मिटले, पोटाशी दोन्ही मुठी आवळल्या आणि अंगात होती नव्हती तेवढी ताकद एकवटून ती किंचाळली, मी इथं आहो, मी इथं आहो!

एकही चिमणी उडाली नाही.